बातमीतले भोपाळ, कादंबरीतले खौफपूर

राष्ट्रावर कोसळलेल्या आपत्तीचे सत्य कोणाच्या हाती अधिक लागते, बातमीदाराच्या की कादंबरीकाराच्या? भोपाळविषयीचे लेखन वाचताना हा प्रश्न आम्हांला वारंवार पडला आहे.

१९८४ च्या २ व ३ डिसेंबरदरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. तत्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढत गेला, आणि त्यावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. टाकीचा क्रमांक, वायूचे नाव, मृतांची मोजदाद हे सारे पत्रकारितेचे धन. तिचे खरे मोठेपण मात्र दुर्घटनेआधीचे आहे. राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकातून १९८२ मध्येच धोक्याची घंटा वाजविली होती. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी ‘जनसत्ता’तून पुन्हा इशारा दिला. तो कोणी मनावर घेतला नाही.

इंद्र सिन्हा यांची ‘अ‍ॅनिमल्स पीपल’ ही इंग्रजी कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत भोपाळचे खौफपूर झाले आहे आणि कारखान्याचे मालक नुसतेच ‘कंपनी’. निवेदक एकोणीस वर्षांचा, पाठीचा कणा वाकल्याने चार पायांवर चालणारा तरुण. परदेशी पत्रकाराने दिलेल्या ध्वनिमुद्रकात तो आपली कहाणी सांगतो, आणि सांगता सांगता त्या पत्रकाराचीच हजेरी घेतो. तुम्ही येता, ‘त्या रात्री’विषयी विचारता आणि निघून जाता, आम्ही मात्र त्या रात्रीनंतरच्या प्रत्येक दिवसात राहतो, हा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ.

आम्हांला सर्वाधिक जवळची वाटली ती मा फ्रान्सी ही वृद्ध फ्रेंच धर्मभगिनी. त्या रात्रीनंतर फ्रेंचखेरीज साऱ्या भाषा ती विसरली आहे. लोकांचे बोलणे तिला निरर्थक आवाज वाटते. तरीही ती त्यांना सोडून जात नाही. पत्रकाराला शब्द कळतात, पण तो थांबत नाही. हिला शब्द कळत नाहीत, पण ही थांबते. कादंबरीचे सारे मर्म या विरोधात आहे, आणि ते कोणत्याही वार्तापत्रात मावले नसते.

म्हणून कादंबरी श्रेष्ठ ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. नावे बदलल्याने लेखकाला मोकळीक मिळाली, वाचकाला जवळीक मिळाली. पण ‘कंपनी’ हा शब्द धुक्यासारखा आहे. धुक्यावर खटला भरता येत नाही. त्यासाठी खरे नाव, खरी तारीख आणि टाकीचा क्रमांकच लागतो. केसवानींचे लेखन नसते, तर हा अनर्थ अटळ होता, कोणाला कल्पनाच नव्हती, असे म्हणून हात झटकणे किती सोपे झाले असते!

आपल्या श्रद्धेला हे दोन्ही मार्ग परिचित आहेत. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातील जखमी मनुष्याला नाव नाही, म्हणूनच तो आपल्या वाटेवरही पडलेला आढळतो. उलट श्रद्धा प्रकट करताना आपण पोंती पिलाताचे नाव घेतो. अन्याय कोणाच्या अमदानीत घडला, हे चर्चने विसरू दिलेले नाही. एक स्मरण दयेसाठी, दुसरे न्यायासाठी. भोपाळच्या वाचकाने यांतील एकावरच समाधान मानू नये, असे आम्हांला वाटते.