जागा आहे का? : एका चॅट-स्क्रिप्टचं रसग्रहण

दहावीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहायचं तर तीन खण ठरलेले असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं. हेच खण घेऊन इथं जी संहिता वाचायची आहे तिला यमक नाही आणि बहुतेकदा कर्त्याचं नावही नाही. चॅटच्या खिडकीत चालणारी, पानभर लांबीची ती एक स्क्रिप्ट आहे. ती तीन कामं करते. ऑनलाइन खेळाच्या सर्व्हरला हाक मारून तिथं कोण खेळतंय ते विचारते. आलेलं उत्तर गप्पा मारणाऱ्यांसमोर एका ओळीत ठेवते. आणि कुणी ‘येतो’ म्हणालं की त्याच्या संगणकावर खेळ सुरू करून त्याला थेट त्या सर्व्हरवर नेऊन सोडते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत आणि नंतरच्या दशकात अशा स्क्रिप्ट जगभर लिहिल्या गेल्या. एकाची दुसऱ्यानं उचलली, तिसऱ्यानं दुरुस्त केली, आणि या फिरण्यात लिहिणाऱ्याचं नाव गळून सांगाडा तेवढा उरला. मी वाचतोय तो हा सांगाडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. फिनलंडमधल्या औलू इथं १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, तयार केलं. हॅशच्या चिन्हानं सुरू होणारं नाव द्यायचं की चॅनल तयार, मग त्यात कुणीही येऊन बोलावं. लंडनच्या खालेद मार्दम-बे यांनी १९९५ मध्ये विंडोजसाठी ‘एमआयआरसी’ आणलं आणि त्याच्या पोटात एक छोटी भाषाही ठेवली. ‘असं कुणी म्हणालं तर असं कर’ एवढं लिहिता आलं की झालं, इतकी ती सोपी. तिकडे १९९६ मध्ये इड सॉफ्टवेअरचा ‘क्वेक’ आला आणि १९९९ च्या डिसेंबरात ‘क्वेक थ्री अरीना’. हे खेळ कुणीही स्वतःच्या संगणकावर सर्व्हर उभा करून चालवू शके. १९९७ मध्ये खास क्वेक खेळणाऱ्यांसाठी ‘क्वेकनेट’ हे आयआरसीचं जाळं निघालं, आणि २००५ मध्ये तिथं एकाच वेळी दोन लाखांहून जास्त माणसं हजर असत. म्हणजे मंडळी आधी गप्पांत जमायची आणि खेळायला तिथून निघायची. आपली स्क्रिप्ट या दोन ठिकाणांच्या मधे उभी आहे.

आता आशय. १९९९ चा खेळाडू अडायचा तो पत्त्यापाशी. प्रत्येक सर्व्हरला चार आकड्यांचा पत्ता आणि वर एक पोर्ट, क्वेक थ्रीसाठी बहुधा २७९६०. हे पत्ते गोळा करून सांगण्यासाठी ‘मास्टर सर्व्हर’ असतो. त्याचं काम समजायला आळेफाटा डोळ्यांसमोर आणा: तिथं पुणे-नाशिक रस्त्याला कल्याण-अहिल्यानगर रस्ता छेदतो. माळशेज चढून आलेला माणूस तिथं उतरतो, नाशिकची गाडी कुठं लागते ते विचारतो आणि पुढं जातो. मास्टर सर्व्हर हा असा फाटा आहे. त्याच्यावर खेळ चालत नाही. त्याला विचारलं की तो पत्त्यांची माळ हातात देतो, प्रत्येक पत्ता सहा बाइटांचा, चार पत्त्याचे आणि दोन पोर्टचे. पण फाट्यावरचा माणूस गाडी दाखवू शकतो, गाडीत जागा आहे का ते दारात जाऊनच विचारावं लागतं. म्हणून स्क्रिप्ट पत्ता घेऊन प्रत्येक सर्व्हरच्या दाराशी जाते.

तिथं विचारायची तिची रीत हे या संहितेचं पहिलं सौंदर्यस्थळ. सगळा प्रश्न एका शब्दाचा आहे: ‘गेटस्टेटस’. त्याच्या आधी चार बाइट, चारही २५५. ही सजावट नव्हे. खेळ चालू असताना जाणाऱ्या पॅकेटच्या सुरुवातीच्या चार बाइटांत त्या पॅकेटचा अनुक्रमांक असतो. चारही जागी २५५ ठेवले की तो क्रमांक उणे एक असा वाचला जातो, आणि असा क्रमांक खेळातल्या कुठल्याच पॅकेटचा नसतो. सर्व्हरला त्यावरून कळतं की हा आपल्या रांगेतला नाही, बाहेरचा आहे आणि फक्त चौकशीला आलाय. आपण कोण हे आधी सांगायचं, मग एकाच शब्दात काय हवं ते विचारायचं. अनोळखी दाराशी कसं बोलावं याचा हा उत्तम नमुना आहे.

काव्यसौंदर्याच्या खणात मी रचना घेतो. स्क्रिप्टची पहिली ओळ वाट पाहण्याची आहे. चॅनलमध्ये कुणी उद्गारचिन्ह लावून ‘सर्व्हर’ असा शब्द टाकेपर्यंत ती काहीच करत नाही. तो शब्द आला की दुसरा तुकडा जागा होतो: घड्याळातले मिलिसेकंद टिपून ठेवतो, यूडीपी पद्धतीनं प्रश्न पाठवतो, आणि दोन-तीन सेकंदांचा टायमर लावून संपतो. संपतो म्हणजे खरोखर संपतो. उत्तर घेणारा तुकडा वेगळाच, बऱ्याच ओळी खाली लिहिलेला. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या प्रवासासाठी संहितेत एकही ओळ नाही. तिथं सगळं जाळं पसरलंय: समुद्राखालच्या केबल, टेलिफोनच्या तारा, कुणाच्या तरी खोलीतला सर्व्हर. लिहिणाऱ्यानं ती जागा मोकळी सोडली कारण तिथं त्याचा हुकूम चालत नाही. यूडीपीत पोच मिळत नाही, पॅकेट वाटेत हरवलं तर कुणी कळवत नाही. म्हणून टायमर. उत्तर आधी आलं तर ते टायमर रद्द करतं, टायमर आधी वाजला तर ‘सर्व्हर उत्तर देत नाही’ असं छापून दार लावून घेतो. दोन शेवट लिहून ठेवलेले, खरा होतो एकच.

याच भागात आणखी एक बारकावा आहे. एमआयआरसीत एखादी गोष्ट लक्षात ठेवताना ती किती सेकंद लक्षात ठेवायची हेही सांगता येतं. चांगल्या स्क्रिप्टमध्ये ‘आत्ताच विचारलं होतं’ ही आठवण दहा सेकंदांची असते. त्या दहा सेकंदांत पुन्हा कुणी तोच शब्द टाकला तर स्क्रिप्ट गप्प बसते, मुदत संपली की आठवण आपोआप पुसली जाते. एखादा टारगट पोरगा तोच शब्द वीसदा टाकणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. ही एक ओळ चॅनलमधल्या माणसांच्या ओळखीतून आलेली आहे.

भाषेकडे वळू. सर्व्हरचं उत्तर दिसायला ओबडधोबड असतं. तिरक्या रेघेनं तोडलेले शब्द, एकाआड एक: गुणाचं नाव, मग त्याची किंमत, पुन्हा नाव, पुन्हा किंमत. सर्व्हरचं नाव, मॅप, जास्तीत जास्त खेळाडू किती, खेळाचा प्रकार कोणता. ही यादी संपली की पुढं प्रत्येक खेळाडूची एक ओळ: गुण, पिंग आणि अवतरणचिन्हांत नाव. किती जण खेळतायत हा आकडा या उत्तरात कुठंही नसतो. स्क्रिप्टनं ओळी मोजायच्या आणि समजून घ्यायचं.

पण नुसत्या ओळी मोजणारी स्क्रिप्ट फसते. क्वेक थ्रीत संगणकानं चालवलेले खेळाडू, म्हणजे बॉट, या यादीत माणसांच्या रांगेत बसतात. त्यांची खूण एकच, पिंग शून्य. पिंग म्हणजे निरोप जाऊन यायला लागणारा वेळ. माणूस कुठून तरी लांबून आलेला असतो, म्हणून त्याच्या आकड्यात अंतर दिसतं. बॉट सर्व्हरच्याच पोटात राहतो, त्याला अंतर नाही. शून्यवाल्या ओळी वगळून मोजणारी स्क्रिप्ट ‘सोळापैकी बारा’ असं दिसणाऱ्या सर्व्हरवर खरी माणसं दोनच आहेत हे सांगते. वरवरच्या वाचनात हा भाग निसटतो. मला तो संहितेचा मर्मबिंदू वाटतो, कारण इथं ती माहिती पुढं ढकलण्यावर थांबत नाही, माहितीचा अर्थ लावते.

दुसरा सुंदर तपशील रंगांचा. क्वेक थ्रीत नावातल्या अक्षरांना रंग देता येतो: टोपीसारखं चिन्ह आणि पुढं अंक. १ लाल, २ हिरवा, ३ पिवळा. आयआरसीचे रंग निराळे. तिथं लाल म्हणजे ४, हिरवा ३, पिवळा ८. स्क्रिप्टमध्ये याचं छोटं कोष्टक असतं आणि ती प्रत्येक नाव एका रंगपद्धतीतून दुसरीत नेते. अडचण होते ७ आकड्यापाशी. तो पांढरा. खेळाच्या काळोख्या पडद्यावर पांढरं नाव झळकतं, पण एमआयआरसीची खिडकी मुळात पांढरी, तिथं ते दिसणारच नाही. जाणकार लेखक या एका जागी नियम मोडतो आणि पांढऱ्याच्या जागी काळा लिहितो. रंग बदलला म्हणूनच नाव वाचता आलं.

एवढ्या खटाटोपातून चॅनलमध्ये उमटते ती एक ओळ. सर्व्हरचं नाव, मॅप, ‘पाच/सोळा’, पिंग आणि पत्ता. मॅपच्या जागी ‘क्यूथ्रीडीएम१७’ एवढंच असतं, पण खेळणाऱ्याला त्यातून पोकळीत तरंगणारे चौथरे दिसतात, लांबून नेम धरून बसलेला शत्रू दिसतो, तोल गेला तर खाली काहीच नाही हेही आठवतं. जाणणाऱ्यासाठी लिहिलेली ओळ अशीच आखूड असते. मग कुणी ‘येतो’ या अर्थाचा शब्द टाकला की स्क्रिप्टची शेवटची आज्ञा चालते: खेळ सुरू कर, अधिक चिन्ह, ‘कनेक्ट’, पत्ता. त्यापुढं काही नाही. निरोपाचं वाक्य नाही, आभार नाहीत. माणूस पोचला की स्क्रिप्टचं काम संपलं.

या संहितेचा खरा रस मात्र मला एका गोष्टीत सापडतो: प्रश्न एकानं विचारला तरी उत्तर सगळ्यांसमोर पडतं. राम्यानं विचारलं आणि शाम्या निघाला, असं घडू शकतं. चौकशीचंच आमंत्रण होतं. पुढं क्वेकनेटवर ‘पिकअप’ची चॅनलं रुळली तीही याच धर्तीची. ‘ॲड’ असा शब्द टाकून नाव नोंदवायचं, पुरेशी माणसं झाली की चॅनल सांभाळणारा प्रोग्राम दोन संघ पाडून सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड खासगीत पाठवणार. २००४ मध्ये ‘हेलो टू’नं आपोआप जोड्या लावण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि ही विचारपूस मागं पडत गेली. त्या पद्धतीचे फायदे उघड आहेत: रिकाम्या सर्व्हरवर जाऊन बसावं लागत नाही, तोडीस तोड गडी मिळतो. पण बटण दाबल्यावर कुणासोबत खेळायचं हे यंत्र ठरवतं आणि डाव संपला की ती माणसं पांगतात.

विचारण्याची गरज मात्र गेलेली नाही. आळेफाटा, ओतूर, नारायणगाव भागातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटांवर आज ‘आयडी-पास टाक’ हा निरोप येतो तो ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या खेळाच्या कस्टम रूमसाठी. रूमला आकडी ओळख आणि पासवर्ड, आत शंभरापर्यंत खेळाडू. जे काम स्क्रिप्ट करायची ते इथं एक पोरगा बोटांनी करतो: किती झाले ते मोजतो, कोण राहिलं ते विचारतो, जागा भरल्याचं सांगतो. गप्पांतून खेळाकडे जायची वाट पुन्हा माणसांनीच पाडली आहे.

रसग्रहणात उणिवाही सांगाव्यात. ‘गेटस्टेटस’ हा प्रश्न जितका छोटा तितकं उत्तर मोठं, आणि सर्व्हर विचारणाऱ्याची खातरजमा करत नाही. खोटा पत्ता घालून प्रश्न पाठवला की उत्तरांचा लोंढा तिसऱ्याच्याच अंगावर. यूएस-सर्ट या अमेरिकी संस्थेनं २०१४ मध्ये अशा हल्ल्यांबद्दल इशारा दिला त्यात क्वेकच्या या संवादाची वाढ सुमारे ६४ पट नोंदवली आहे. दुसरी उणीव भाबडेपणाची. खेळाडूचं नाव वाटेल ते असू शकतं. ते जसंच्या तसं टायमरच्या आज्ञेत घातलं तर एमआयआरसी ते पुन्हा उलगडतं आणि नावातली चिन्हं आज्ञा समजून चालवतं. आणि न वाचता उचललेल्या स्क्रिप्टचा धोका तर १९९७ मध्येच दिसला होता. ‘स्क्रिप्ट.आयएनआय’ नावाची फाइल तेव्हा चॅनलमध्ये येणाऱ्यांना आपोआप पाठवली जाऊन पसरत गेली.

तरीही ही रचना टिकली. ३१ मे २०१४ ला गेमस्पाय ही सर्व्हर शोधून देणारी मोठी सेवा बंद झाली, तेव्हा कित्येक जुन्या खेळांचा फाटाच नाहीसा झाला. काहींसाठी खेळणाऱ्यांनी स्वतःचे मास्टर सर्व्हर उभे केले. क्वेक थ्रीची मूळ संहिता २००५ मध्येच सर्वांसाठी खुली झाली होती, म्हणून त्यावर चालणाऱ्या सर्व्हरना आजही तोच एक शब्द विचारता येतो आणि उत्तर तसंच, तिरक्या रेघांनी तोडलेलं येतं.

माझा निवाडा असा. ही संहिता उत्तम आहे, कारण ती कमी शब्दांत विचारते, उत्तर कदाचित येणार नाही हे गृहीत धरते, शून्य पिंगवाल्यांना ओळखते आणि काम झाल्यावर वाटेत उभी राहत नाही. एमएस-सीआयटीपासून महाविद्यालयापर्यंत संगणक शिकवणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. मुलांना प्रोग्राम लिहायला लावण्याआधी अशी एखादी पानभर स्क्रिप्ट वाचायला द्या आणि तिचं रसग्रहण लिहायला सांगा. प्रत्येक ओळ का आहे आणि नसती तर काय बिघडलं असतं, एवढे दोन प्रश्न पुरेत. ज्याला त्यांची उत्तरं नीट देता येतील, त्याच्या हातून पुढं न वाचता स्क्रिप्ट उचलण्याची चूक सहसा होणार नाही.