तसबीर, संशय आणि ब्लू टिक

मारुंजीतल्या एका कॉलेजच्या मुलांनी केलेलं ‘संशयकल्लोळ’ पाहताना हसू आवरत नव्हतं. गोविंद बल्लाळ देवलांच्या या नाटकाचं बीज मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे. सगळा घोळ एका तसबिरीचा. अश्विनशेठची तसबीर बायकोच्या, म्हणजे कृत्तिकेच्या हातात दिसते आणि फाल्गुनराव पेटतो. आज तिथे फोनमधला फोटो असता, एवढाच फरक.

फाल्गुनराव झालेल्या मुलानं लोकांना हसवायचा प्रयत्नच केला नाही. तो खरोखर जळत होता, म्हणूनच आपण हसलो. पदं कमी केल्यामुळे वेगही टिकला. कृत्तिका मात्र नुसती भांडकुदळ वाटली. खरं तर तिचा संशयही तेवढाच दुखरा आहे. तो दिसला असता, तर हसता हसता प्रत्येकाला आपापली ब्लू टिक आठवली असती.