‘दुर्लक्ष’ हे कारण नव्हे : पैठणचं उद्यान, नाराज पर्यटक आणि आपला संशोधन-प्रश्न

“शासनाच्या दुर्लक्षामुळे अमुक पर्यटनस्थळाची दुरवस्था झाली आहे.” पेटची तयारी करताना किंवा संशोधन आराखडा लिहिताना हे वाक्य तुमच्याही कागदावर आलं असेल, तर आजची नोंद खास तुमच्यासाठी. वाक्य खोटं नाही. अडचण एवढीच की त्यातून काही कळत नाही. दुरवस्था म्हणजे देखभाल झाली नाही. दुर्लक्ष म्हणजेही देखभाल झाली नाही. एकच गोष्ट दोनदा सांगायची आणि मध्ये ‘मुळे’ घालायचं, की कारण सापडल्यासारखं वाटतं. मार्गदर्शक चांगले असतील तर पहिल्याच बैठकीत विचारतात, “बरं, मग दुर्लक्ष का झालं?” आणि आपण गप्प.

उदाहरण म्हणून पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान घेऊ. निलंग्यापासून ते लांब आहे, लातूर-बीड करत जावं लागतं. पण आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या सहलींमध्ये वेरूळ, दौलताबाद आणि पैठण ही नावं एका दमात घेतली जायची. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर हे उद्यान उभं राहिलं. हिरवळ, फुलझाडं, खेळणी आणि संध्याकाळी रंगीत दिव्यांत नाचणारं संगीत कारंजं. मराठवाड्यातल्या एका पिढीसाठी ‘थीम पार्क’ म्हणजे हेच होतं. तो शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता, एवढंच.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे. कारंजं बंद, दिवे गेलेले, खेळणी मोडलेली, पर्यटक नाराज.

बातमीचा साचा आणि त्याची मर्यादा

अशा बातम्या शेजारी-शेजारी ठेवून वाचा. साचा लगेच दिसतो. मोडक्या झोक्याचा फोटो, कोरडा हौद, ‘लांबून आलो आणि निराशा झाली’ म्हणणारा पर्यटक, आणि शेवटी ‘निधीची मागणी केली आहे’ हे अधिकाऱ्याचं वाक्य. काही महिन्यांनी उलटा साचा येतो : ‘उद्यानाचा कायापालट होणार’, आणि पुढे कोटीतला एखादा आकडा. मग पुन्हा ‘अवकळा’.

बातमीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचं काम आजचं चित्र सांगण्याचं असतं. पण तुम्ही हीच कात्रणं ‘प्राथमिक साधन’ म्हणून जशीच्या तशी वापरलीत तर दोन ठिकाणी फसाल.

पहिली जागा काळाची. बातमीवरून कळतं की बातमीदार तिथं कधी गेला. कारंजं कधी बंद पडलं, ते कळत नाही. या दोन तारखांमध्ये कितीही अंतर असू शकतं.

दुसरी जागा पैशाची. घोषणा, प्रशासकीय मान्यता, निधीचं वितरण आणि प्रत्यक्ष खर्च या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. बातमी बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर थांबते. आपण मात्र तो आकडा उचलतो आणि ‘एवढे कोटी खर्च होऊनही’ असं लिहून मोकळे होतो.

अजून एक. ‘उद्यान’ हा एकच शब्द आपण सगळ्यासाठी वापरतो, पण त्यातल्या वस्तू एकाच पद्धतीनं बिघडत नाहीत. हिरवळ हळूहळू मरते. दोन आठवडे पाणी कमी पडलं तरी नंतर सावरते. संगीत कारंज्याचं तसं नसतं. त्यात पंप, बारीक नळ्या, पाण्याखालचे दिवे, केबल आणि संगीताशी पाण्याचा मेळ घालणारी नियंत्रण यंत्रणा असते. क्षार साठून नळ्या तुंबतात, केबलचं आवरण जातं, आणि एक भाग गेला की सगळा खेळ थांबतो. शिवाय संध्याकाळी माणसं थांबायची ती कारंज्यासाठी. ते बंद पडलं की माणसं दुपारीच परततात, आणि फाटकाबाहेर कणीस-चहा विकणाऱ्याची संध्याकाळची कमाई जाते. एका यंत्राच्या बंद पडण्याचा परिणाम इतका लांब जातो. ‘दुरवस्था’ या सरसकट शब्दात हे सगळं बुडून जातं.

हर्षमनची चौकट : कामाची, पण...

लोकांच्या नाराजीचा अभ्यास करायचा म्हटलं की वाचायलाच हवं असं एक पुस्तक आहे : अल्बर्ट हर्षमन यांचं ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’, 1970. थोडक्यात मांडणी अशी. एखादी सेवा घसरली की माणसाकडे दोन वाटा असतात. निघून जायचं, नाहीतर आवाज उठवायचा. निष्ठा असेल तर माणूस लगेच निघून जात नाही, आधी भांडून बघतो. हर्षमनना हा विचार सुचला नायजेरियातल्या रेल्वेवरून. मालट्रकांची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत नव्हती. त्यांचं स्पष्टीकरण असं की ज्यांना सेवेची सगळ्यात जास्त चाड होती, तेच आधी ट्रककडे गेले. भांडणारं गिऱ्हाईकच उरलं नाही.

ही चौकट अगदी फिट्ट बसते ते अमेरिकेतल्या डिस्नीलँडला. 1990च्या दशकाच्या अखेरीस तिथले चाहते तक्रार करू लागले की रंगाचे पोपडे निघताहेत, जळालेले दिवे बदलले जात नाहीत, देखभालीवरचा खर्च कापला जातोय. बाहेरच्या माणसाला हे लाड वाटले असतील. मग सप्टेंबर 2003 मध्ये ‘बिग थंडर माउंटन’ या रोलर कोस्टरवर अपघात होऊन 22 वर्षांचा एक तरुण मेला, आणि सरकारी चौकशीत सदोष देखभालीवर बोट ठेवलं गेलं. 2005 साली उद्यानाला 50 वर्षं पूर्ण होणार होती. त्याआधी तिथं रंगरंगोटी आणि दुरुस्तीची मोठी मोहीम झाली.

इथं थांबा आणि संशोधकासारखा प्रश्न विचारा. ही मोहीम कशामुळे झाली? चाहत्यांच्या आवाजामुळे, अपघातामुळे, की सुवर्णमहोत्सवामुळे? तिन्ही कारणं एकाच सुमारास आली आहेत. ‘चाहत्यांनी करून दाखवलं’ असं लिहायला छान वाटतं, पण तेवढ्यानं ते सिद्ध होत नाही.

तरी एक गोष्ट पक्की : तिथले चाहते वर्षाचा पास काढून पुन्हापुन्हा जाणारे होते. मागच्या महिन्यात हा दिवा लागत होता, आज लागत नाही, हे त्यांना दिसत होतं. चाहता म्हणजे नुसतं प्रेम करणारा माणूस नव्हे. तो आधीचं आणि आत्ताचं ताडून बघू शकतो.

पैठणला चौकट कुठे अडकते

आता पैठणचा पर्यटक बघा. निलंगा तालुक्यातलं सातवीतलं लेकरू आयुष्यात एकदा तिथं जातं. त्याला आधीचं काही माहीत नसतं. कारंजं बंद असलं तर ते हिरमुसतं आणि बसमध्ये बसतं. ते परत कधी जाईल? बहुधा स्वतःची लेकरं घेऊन, पंचवीस वर्षांनी. तेव्हा त्याच्याकडे तुलना असते, पण ती आठवणीतली. लहानपणी बघितलेलं सगळंच मोठं आणि झगमगीत आठवतं, म्हणून मुलाखतीतलं ‘आमच्या वेळी काय भारी होतं’ हे वाक्य मोजमाप म्हणून वापरता येत नाही.

म्हणजे पैठणला भांडणारा, ताडून बघणारा चाहता तयारच होत नाही. हर्षमनची चौकट इथं मोडली असं म्हणून कुणी पुढे जाईल. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण गिऱ्हाईक चुकीचं धरतोय.

दरवर्षी सहल नेतं कोण? शिक्षक. मार्ग ठरवतात ते, एसटीची सवलतीची बस ठरवतात ते, परवानगीचे कागद करतात ते. लेकरं दरवर्षी नवी, शिक्षक मात्र तेच. पुन्हापुन्हा जाणारं गिऱ्हाईक तेच आहेत. आणि कारंजं दोन वर्षं लागोपाठ बंद दिसलं तर ते निवेदन देत बसत नाहीत. पुढच्या वर्षीच्या मार्गातून पैठणचा मुक्काम कमी करतात. आवाज न करता निघून जाणं म्हणतात ते हेच. पेपरात त्याची एक ओळ येत नाही, पण शाळेच्या दप्तरात त्याची नोंद सापडू शकते.

तुम्हाला आराखड्यासाठी विषय हवा असेल तर हा घ्या : तालुक्यातल्या पंधरा-वीस शाळांच्या सहलींचे मार्ग, वर्षानुसार. पैठण कधी गळालं, त्याच्या जागी काय आलं, आणि मार्ग ठरवणाऱ्या शिक्षकांनी काय कारण सांगितलं. नाराजीचा हा पुरावा पर्यटकाच्या एका वाक्यापेक्षा वजनदार आहे. सोबत सहलीचे जुने फोटो मागा. मागे तारीख आणि शाळेचं नाव असलेला एक फोटो कधीकधी दहा मुलाखतींचं काम करतो.

दुसरी बाजू नीट मांडा

आता ‘दुर्लक्ष’वाल्या वाक्यावर परत येऊ. देखभाल न होण्याची निदान तीन कारणं संभवतात, आणि ती वेगवेगळी तपासावी लागतात.

एक, पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जायकवाडीतही तेव्हा उपयुक्त साठा उरला नव्हता. अशा वर्षी कारंजं बंद ठेवलं तर त्याला दुर्लक्ष म्हणायचं की शहाणपण? मात्र पुढे पाऊस झाला, धरण भरलं आणि तरीही कारंजं बंदच राहिलं, तर ‘पाणी नव्हतं’ हे कारण तिथं संपतं. धरणातला साठा आणि कारंजं चालू असण्याचे महिने एका तक्त्यात मांडा, उत्तर समोर येईल.

दोन, पूर. ऑगस्ट 2006 मध्ये गोदावरीचं पाणी पैठण शहरात शिरलं होतं. बिघाड त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे कळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

तीन, पैशाचा प्रकार. नवीन बांधकाम भांडवली खर्चात बसतं. त्याला कोनशिला असते, उद्घाटन असतं. पंपाचं तेलपाणी, माळ्याची मजुरी, दिवे बदलणं हा महसुली खर्च. त्याची फीत कुणी कापत नाही. शिवाय धरणाच्या पायथ्याची बाग ही सिंचन पाहणाऱ्या खात्यासाठी मूळ काम नव्हेच. पैसे कमी पडले की कालवा आधी की कारंजं? उत्तर उघड आहे, आणि ते चुकीचंही नाही. मग खरा प्रश्न असा होतो : ज्या खात्याचं हे काम नाही, त्याच्याकडे बाग ठेवून देखभालीची स्वतंत्र तरतूद का केली गेली नाही? आता तुमच्या हातात प्रश्न आला. ‘दुर्लक्ष’मध्ये तो नव्हता.

पुरावा कुठून आणायचा? माहितीच्या अधिकारात ‘उद्यानाची माहिती द्या’ असा मोघम अर्ज करू नका. नेमके कागद मागा : कारंज्याच्या वीजजोडणीची महिन्यावार बिलं, पंपाची नोंदवही, प्रवेश तिकिटांची वर्षवार विक्री, आणि कंत्राटात देखभाल किती वर्षांची धरली होती ते कलम. वीजबिल खोटं बोलत नाही. ज्या महिन्यात आकडा कोसळला, तिथून तुमचा शोध सुरू करा.

पैठण लांब पडत असेल तर आधी हात बसवा. तुमच्या गावच्या नगरपरिषदेच्या बागेत जा. झोके, घसरगुंडी, ओपन जिमची यंत्रं मोजा. किती चालू, किती बंद, दर महिन्याला त्याच तारखेला. सहा महिन्यांनी तुमच्याकडे असा तक्ता असेल जो कुठल्याच बातमीत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? कारंजं ही चैन आहे, आपल्या भागात त्याहून मोठे प्रश्न आहेत, असं तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच. ऐकून घ्या, मग सांगा की ज्या लेकराची सहल आयुष्यात एकदाच होते, त्याच्यासाठी ‘पुढच्या वर्षी चालू होईल’ या वाक्याला काही अर्थ नसतो. त्याच्या वाट्याला तेवढीच एक संध्याकाळ असते.