ध्वनिमुद्रिका आणि गायकीचा पुरावा : केसरबाई केरकर यांच्या निमित्ताने

अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय १९०२ साली कलकत्ता येथे सुरू झाला. त्यानंतर खाँसाहेब चव्वेचाळीस वर्षे हयात होते आणि अखेरची सुमारे दोन तपे त्यांचे वास्तव्य मुंबईत होते. तरीही जयपूर-अत्रौली गायकीचा हा मूळ पुरुष आज केवळ चरित्रांतून आणि शिष्यांच्या कंठांतून कळतो. ही उणीव भरून काढण्याचा रूढ मार्ग म्हणजे केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या मुद्रिका ही खाँसाहेबांच्या गायनाची प्रतिकृती मानणे. हा मार्ग सोयीचा खरा. परंतु तो पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही.

खाँसाहेबांविषयी एक प्रसंग पुनःपुन्हा सांगितला जातो. आमलेटा येथे अतिरिक्त गायन घडल्यामुळे त्यांचा आवाज बसला आणि पुढे तो पूर्ववत झाला नाही. त्यानंतर त्यांनी लयीशी गुंतलेल्या, वक्र गतीच्या, आखूड पल्ल्याच्या स्वराकृतींवर उभारलेली मांडणी सिद्ध केली, असे परंपरा मानते. हे ग्राह्य धरल्यास एक विलक्षण स्थिती समोर येते. कंठाच्या उणिवेवर मात करण्यासाठी घडलेली रीत अशा कंठाकडे आली, की ज्यात ती उणीव मुळीच नव्हती. नट-कामोद किंवा ललिता-गौरी यांच्या मुद्रिका ऐकताना श्रोता प्रथम भारावतो तो केसरबाईंच्या खुल्या, भरीव आणि दमदार आकाराने. नेमका हाच गुण गुरूकडून आलेला असण्याचा संभव सर्वांत कमी आहे. शिवाय १९२१ च्या सुमारास खाँसाहेबांची तालीम सुरू होण्यापूर्वी त्यांना अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे आणि भास्करबुवा बखले यांचेही मार्गदर्शन लाभले होते. त्या मार्गदर्शनाचा कालावधी अल्प असेल. पण तो शून्य धरता येत नाही.

दुसरा प्रश्न कालमर्यादेचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. म्हणून तीवरील ख्याल म्हणजे मोठ्या ख्यालाचा तुकडा, असे सरसकट म्हटले जाते. जयपूर गायकीपुरते तरी हे विधान तपासून घ्यावे लागते. या गायकीची त्रितालातील लय फारशी संथ नसते. एका मात्रेस एक सेकंद धरला, तर दोनशे सेकंदांत बारा आवर्तने बसतात. लय किंचित चढवल्यास त्याहून अधिक. बारा वेळा समेवर येणे म्हणजे बारा वेळा वाट बदलून येण्याची संधी. आणि या गायकीचे मर्म त्या वाटेतच आहे. उलट किराणा घराण्यातील सावकाश आलापीला तेवढ्या वेळात रागाच्या उंबरठ्यावरच थांबावे लागते. अब्दुल करीमखाँ यांच्या ज्या मुद्रिका लोकप्रिय झाल्या, त्यांत ठुमरीला मोठे स्थान का, याचे एक कारण येथे सापडू शकेल.

१९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलेल्या तबकडीवरील सत्तावीस संगीतखंडांत भारताच्या वाट्याला आलेला एकमेव खंड केसरबाईंचा आहे, याचा उल्लेख अभिमानाने होतो, आणि तो गैर नाही. मात्र ती भैरवी आहे. ज्या अनवट व जोडरागांवर त्यांची थोरवी उभी आहे, त्यांचा त्या मुद्रिकेवरून अंदाज येत नाही.

मग खाँसाहेबांच्या गायकीविषयी काही निश्चित म्हणता येईल काय? येईल, परंतु एका साक्षीवरून नव्हे. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांनी खाँसाहेबांबरोबरच आग्रा घराण्याचीही तालीम घेतली. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) हे आधी ग्वाल्हेरच्या रीतीत वाढले आणि नंतर खाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ यांचे शिष्य झाले. तिघांचे कंठ भिन्न, पूर्वसंस्कारही भिन्न. तरीही तालाच्या अंगाने गुंफलेली तान, आकाराचे प्राधान्य आणि आवर्तनाच्या आरंभापासूनच समेचा रोख धरणे, एवढे तिघांतही आढळते. तेवढेच मूळ पुरुषाच्या खाती जमा करणे न्याय्य ठरेल. एक गोष्ट मात्र या तुलनेतून अनपेक्षितपणे पुढे येते. एका स्वराकृतीच्या पोटातून दुसरी निघावी, श्वासाला उसंत मिळू नये, अशी मन्सूरांची अस्वस्थ मांडणी ही, ते खाँसाहेबांचे प्रत्यक्ष शिष्य नसूनही, त्या बसलेल्या आवाजाच्या परंपरागत वर्णनाशी केसरबाईंच्या भव्य आकारापेक्षा अधिक जुळते.