फ्रेडरिक सँगर यांचे संशोधनलेखन आणि संदर्भोल्लेखांचा निकष : एक चिकित्सा

प्रस्तावना

संशोधकाचे मूल्यमापन करताना शोधनिबंधांची संख्या, नियतकालिकाचा प्रभावांक आणि संदर्भोल्लेख अर्थात सायटेशन या निकषांना उच्च शिक्षणात मोठे स्थान प्राप्त झाले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने एपीआय गुणांची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीतही नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार ५ ते ३० अशी वाढीव गुणांची श्रेणी देण्यात आली. हे अंक नेमके काय मोजतात, याचा विचार प्रस्तुत लेखात ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर (१९१८-२०१३) यांच्या संशोधनलेखनाच्या आधारे केला आहे. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९५८ आणि १९८० असे दोनदा मिळविणाऱ्या या संशोधकाचे उदाहरण रेणवीय जीवशास्त्रापुरते मर्यादित राहत नाही.

लेखनाचा आलेख

केंब्रिज येथे सँगर यांनी इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला. त्यातील ३० आम्लांची साखळी १९५१ मध्ये, तर २१ आम्लांची साखळी १९५३ मध्ये उलगडली. प्रथिनाला निश्चित रासायनिक रचना असते, हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर आरएनए-क्रमनिश्चितीचे महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध होण्यास १९६७ च्या सुमारापर्यंतचा काळ जावा लागला. डीएनएच्या क्रमनिश्चितीची सर्वमान्य ठरलेली पद्धत निकलसन नव्हे, तर निक्लेन आणि कूलसन या सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी फाय-एक्स १७४ या विषाणूच्या सुमारे ५,४०० घटकांच्या डीएनएचा क्रमही प्रकाशित झाला. १९८३ मध्ये सँगर निवृत्त झाले.

सिडनी ब्रेनर यांनी २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात सँगर यांच्यावर लिहिलेल्या मृत्युलेखात या दीर्घ अंतरांकडेच लक्ष वेधले. आजच्या विज्ञानव्यवस्थेत सँगर टिकले नसते, असा त्यांचा अभिप्राय होता. तो अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. कारण या मधल्या काळात सँगर यांचे लेखन पूर्णतः थांबलेले नव्हते आणि पहिल्या नोबेलची प्रतिष्ठाही पाठीशी होती. तथापि अशी प्रतिष्ठा नसलेल्या संशोधकाच्या बाबतीत हा अभिप्राय तंतोतंत लागू पडतो. वार्षिक गुणपत्रकात प्रसिद्ध झालेल्या निबंधाला रकाना असतो. फसलेल्या प्रयोगांतून हळूहळू सिद्ध होणाऱ्या पद्धतीला नसतो.

संदर्भोल्लेख काय मोजतात?

'नेचर' नियतकालिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक संदर्भोल्लेख असलेल्या १०० निबंधांची यादी प्रसिद्ध केली. तीत सँगर यांचा १९७७ चा पद्धतीविषयक निबंध ६५ हजारांहून अधिक उल्लेखांसह चौथ्या क्रमांकावर होता. प्रथम क्रमांक ऑलिव्हर लाउरी व सहकाऱ्यांच्या १९५१ मधील प्रथिनमापनाच्या पद्धतीचा असून तिचे उल्लेख तीन लाखांहून अधिक होते. मात्र डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा निबंध या शंभरांत नव्हता.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, मोठी उल्लेखसंख्या प्रामुख्याने उपयोगाची निदर्शक असते. प्रयोगशाळेत नित्य वापरली जाणारी पद्धत प्रत्येक वापरकर्ता नोंदवितो. दुसरी अशी की, एखादे तत्त्व पाठ्यपुस्तकात स्थिरावले की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरज कोणाला भासत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेची मीमांसा केली आहे. म्हणजेच उल्लेखांची घट कधी विस्मृतीची, तर कधी पूर्ण स्वीकाराची खूण असते. संख्येवरून हा भेद कळत नाही.

अंकांची बाजू

अंकांचा निकष सर्वस्वी त्याज्य ठरविणेही योग्य नव्हे. निवड समितीच्या मर्जीला आणि वशिल्याला काही प्रमाणात आळा घालण्याचे सामर्थ्य त्यात आहे. परंतु नियतकालिकाचा प्रभावांक ही सरासरी असते. त्यातील एखाद्या निबंधाचा दर्जा तिच्यावरून ठरत नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेही नियतकालिकाच्या अंकाऐवजी निबंधाच्या आशयाला महत्त्व देण्याचे आवाहन केले आहे.

निष्कर्ष

सँगर यांचा लेखनक्रम हा कमी लिहिण्याचा पुरस्कार नव्हे. प्रश्नाला लागेल तेवढा वेळ देण्याचा तो आदर्श आहे. गुणांची बेरीज निबंध वाचण्याला पर्याय ठरू लागली, की अध्यापक सहज सुटणारे प्रश्न निवडू लागतो आणि एकाच कामाचे तुकडे करून ते प्रसिद्ध करतो. अध्यापकाने स्वतः निवडलेले तीन-चार निबंध समितीतील विषयतज्ज्ञांनी प्रत्यक्ष वाचावेत आणि त्यावर लेखी अभिप्राय द्यावा, एवढी तरतूद झाली तरी अंकांना त्यांचे योग्य, म्हणजे दुय्यम, स्थान मिळेल.