लिम्मूद : शिष्य आणि वळण

मराठी बायबल वाचताना 'शिष्य' या शब्दाशी कोणी अडखळत नाही. गुरुशिष्यांची आपली परंपरा जुनी आहे. आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे, त्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' (परंपरेने शके १११०) गुरुशिष्यसंवादाच्याच रूपात आहे. मात्र जुन्या करारातील मूळ हिब्रू शब्दापाशी हा ओळखीचा अर्थ अपुरा पडतो, असे माझे मत आहे.

ज्यू परंपरेत पुढे रूढ झालेला 'तल्मीद' हा शब्द हिब्रू बायबलात एकदाच येतो (१ इतिहास २५:८). मंदिरातील २८८ गायक-वादकांच्या पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकताना गुरू आणि शिकाऊ असा भेद केला नाही, असा तिथला संदर्भ आहे. त्याच ल-म-द धातूपासून आलेला 'लिम्मूद' सहा वेळा येतो. माझा विषय तो आहे.

यशयाच्या ग्रंथात हा शब्द मानाचा आहे. ८:१६ मध्ये संदेष्ट्याची शिकवण लिम्मूदांपाशी मोहोरबंद होते. ५४:१३ मध्ये नगरीची सारी लेकरे देवाची लिम्मूद होणार असतात. यिर्मयात मात्र रानगाढव रानाचे लिम्मूद आहे (२:२४) आणि दुष्कर्म करणारे लोक दुष्कर्माचे लिम्मूद (१३:२३). गाढवाला 'शिष्य' म्हणता येत नाही. तिथे 'सरावलेले' असेच काही म्हणावे लागते. मग हिब्रूतला एकच शब्द मराठीत दुभंगतो : चांगले शिकला तो शिष्य, वाईट शिकला त्याला सवय लागली.

या धातूला गोठ्याचा वास आहे. त्यापासूनच 'मलमाद' म्हणजे बैलाची पराणी हा शब्द झाला. शमगाराने सहाशे पलिष्टी मारले ते याच हत्याराने (शास्ते ३:३१). होशेयातली मळणीला सरावलेली कालवड (१०:११) आणि यिर्मयातला न वठणीवर आलेला खोंड (३१:१८) यांचे वर्णनही याच धातूने केले आहे.

पराणीची ती गोष्ट मराठीत ज्या पुस्तकात येते त्याचे नाव 'शास्ते'. शास्ता आणि शिष्य हे दोन्ही शब्द संस्कृत 'शास्' धातूचे. ज्याला शिकवायचे, शासन करायचे तो शिष्य. त्यामुळे शब्द उच्चारताच गुरू समोर उभा राहतो. लिम्मूद मात्र अंगात काय मुरले आहे ते सांगतो. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द मला 'वळण' वाटतो. खोंडाला वळण लागते, पोराला लागते, अक्षरालाही लागते; आणि वाईट वळणही असतेच.

हिब्रू मराठीला परकी नव्हती. जॉन विल्सन यांचे मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण १८३२ चे. पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायकांना कळावे म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबल आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते पूर्ण प्रसिद्ध झाले. तरीही वाचकांच्या मनावर पकड राहिली ती 'शिष्य' याच शब्दाची.

८:१६ पुरता 'शिष्य' योग्यच आहे, कारण तिथे संदेष्ट्याभोवती जमलेली माणसे आहेत. ५०:४ चे तसे नाही. तिथे बोलणाऱ्याला लिम्मूदांची जीभ मिळते ती थकलेल्याला शब्दाचा आधार देण्यासाठी, आणि लिम्मूदांसारखे ऐकता यावे म्हणून त्याचा कान रोज सकाळी जागा केला जातो. जीभ आणि कान, दोन्हींसाठी शब्द एकच. रोज ऐकण्याचे वळण ज्याला लागले, त्याच्या बोलण्याने थकलेल्याला उभारी येते, असा अर्थ मी लावतो.

कुणाच्या हाताखाली न शिकलेल्या माझ्यासारख्याला 'तुमचे गुरू कोण?' असे हमखास विचारले जाते, आणि 'शिष्य' या शब्दात तो प्रश्न आधीपासूनच दडलेला असतो. 'लिम्मूद' विचारतो, वळण कशाचे लागले आहे? हा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण दुष्कर्माला सरावलेल्यांनाही यिर्मया याच शब्दाने ओळखतो. मोठ्या गुरूचे नाव सांगून त्यातून सुटका होत नाही.