नदीत उतरलेला यात्रिक

जॉन बन्यन (१६२८–१६८८) याचे सुप्रसिद्ध रूपक हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणले. व्यासपीठावरून आपण त्यातील बहुधा एकच प्रसंग सांगतो: वधस्तंभापाशी ख्रिस्ती नामक यात्रिकाच्या पाठीवरील ओझे गळून पडते, तो. त्यामुळे तारणाची खात्री म्हणजे तो हलकेपणाचा अनुभव, असा श्रोत्यांचा समज होतो. ग्रंथाचा शेवट हा समज खोडून काढतो, असे आम्हांस वाटते.

ओझे पूर्वार्धातच पडते. पुढे हाच यात्रिक संशयगडाच्या अंधारकोठडीत निराशा-राक्षसाचा मार खातो. सुटकेची किल्ली, म्हणजे देवाचे अभिवचन, आपल्या उराशीच आहे हे त्यास फार उशिरा स्मरते. अखेरीस मृत्युनदीत उतरताच तो बुडू लागतो. सोबती आशावंत त्याचे डोके पाण्यावर धरून ठेवतो, तेव्हा कोठे त्याच्या पायांस तळ लागतो. मागून येणारा अज्ञान मात्र व्यर्थाशा नावाड्याच्या होडीतून सुखाने पैलतीर गाठतो. तरी नगराच्या वेशीत त्याला प्रवेश मिळत नाही.

बन्यनचा निवाडा स्पष्ट आहे. मनाची स्वस्थता तारण सिद्ध करीत नाही आणि मरणसमयीची भीती ते हिरावून घेत नाही. खात्रीचा आधार अभिवचन देणाऱ्याच्या विश्वासूपणात आहे. उपदेश न करण्याचे वचन देण्यास नकार देऊन, घरी अंध मुलगी असताना, १६६० पासून १६७२ पर्यंत ज्याने तुरुंगवास सोसला, त्याच्या लेखणीतून हे उतरले आहे.

पहिल्या भागात (१६७८) एक उणीव आहे. यात्रिक बायकोमुलांस मागे ठेवून निघतो आणि मंडळीची संगत एखाद-दुसऱ्या सोबत्यापुरतीच उरते. दुसऱ्या भागात (१६८४) ती उणीव भरून निघते. तेथे कुटुंब वाटाड्यासह चालते. आपला स्वीकार होईल की नाही, या चिंतेत जन्म घालविलेल्या भयभीताची हकीकतही तेथे येते. त्याच्या वेळी नदीचे पाणी कधी नव्हे इतके ओसरलेले असते.

मरणशय्येपाशी बसून ‘तुम्हांला खात्री वाटते ना?’ असे आपण पुष्कळदा विचारतो. प्रश्न सद्‌हेतूचा असतो. पण बुडणाऱ्याला तो स्वतःच्याच मनाचा तळ शोधावयास लावतो. आशावंताने अशी परीक्षा घेतली नाही. पायांखाली तळ आहे असे त्याने सांगितले आणि सोबत्याचे डोके धरून ठेवले. पाळकाचे व प्रचारकाचे काम याहून वेगळे नाही.